मुंग्यांचा माग

सासू : ती कात्री खाली ठेव. झाड गेलंय. कचऱ्याची गाडी आली की तिच्यात दे.

सून : आई, शेंडे वाळलेत, झाड नाही गेलेलं. ही जास्वंद माझ्या आईने स्वतः कुंडीत लावून दिलीय. निदान बघू तरी द्या.

सासू : तुझ्या आईबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पण तिच्या झाडाची कीड उद्या माझ्या मोगऱ्यावर चढली, तर?

सासरे : अगं, राहू दे की. गॅलरीत माझ्या खुर्चीशेजारी तेवढंच हिरवं.

सासू : कुठे दिसलं तुम्हाला हिरवं? चष्मा पुसा आधी.

सून : मी नखाने साल खरवडते. आत हिरवी निघाली तर ठेवायचं, नाहीतर मीच गाडीत टाकते. चालेल?

सासू : खरवड.

सून : इथे तपकिरी... खाली पण तपकिरीच.

सासू : मी काय म्हणत होते?

सून : अजून थोडं खाली... आई! बघा, बघा!

सासू : अगंबाई, हिरवं आहे.

सून : ओलं हिरवं! इथून खाली सगळं जिवंत आहे!

सासू : हुरळून जाऊ नकोस. पानांमागे ते कापसासारखं काय?

सून : पिठ्या ढेकूण. तेच रस पितात, म्हणून शेंडे वाळतात. साबणाच्या पाण्याने दोनदा पुसले, तरी परत हजर.

सासू : होणारच. त्यांना राखण आहे. ही खोडावरची मुंग्यांची रांग बघ. ढेकणांचा गोड चिकटा मुंग्या खातात, म्हणून त्यांना जपतात.

सून : पण मग मुंग्या याच कुंडीत का? मोगऱ्यावर एक नाही.

सासू : थांब. माती हुंगून बघ.

सून : ...चहा?

सासू : चहाच! आणि कडेला साखर चिकटलीय. आपल्या घरात चहा बिनसाखरेचा होतो ना?

सासरे : मी जरा खाली फिरून येतो.

सासू : बसा!

सासरे : अगं, तळाशी साखर राहते. कपात दिसली तर तू घर डोक्यावर घेशील. म्हणून कप या कुंडीतच विसळतो.

सासू : गोळ्या बदलून झाल्या, पथ्य वाढवून झालं, तरी यांची साखर का उतरेना म्हणून मी डोकं फोडून घेतेय! आणि बोल लावले ते या पोरीच्या झाडाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

सून : आई, वरची माती बदलते. कुंडी तिपाईवर ठेवते आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या. मुंग्या चढतात कशा बघू!

सासू : आणि वाळकं असं कापू नकोस, तिरपं काप. दे ती कात्री इकडे. मोगऱ्यामागचा साबणपाण्याचा फवाराही आण.

(काही आठवड्यांनी, त्याच गॅलरीत.)

सून : आई, पळत या!

सासू : आले, हात ओले आहेत... केवढं फूल गं! माझ्या तळव्याएवढं!

सून : आणि मागे कळ्याच कळ्या! ढेकूण नाही, मुंगी तर औषधालाही नाही!

सासू : जिंकलीस पोरी!

सून : दोघी जिंकलो. बाबांची साखरसुद्धा उतरली.

सासरे : हो, माझा चहा मारून झाड जगवलंत. बरं, समोरच्या वहिनी गॅलरीतून विचारतायत, लावायला एक फांदी मिळेल का?

सासू : मला काय विचारता? झाड हिचं आहे. हिला विचारा.