विहिरीतल्या बाईला आत्या म्हणणारी

जमलेल्या सगळ्यांना जयभीम.

आमच्या सुशीलाताईंच्या शोकसभेला त्यांच्या शाळेतल्या शिक्षिका आल्यात, त्यांचे वाचक आलेत, आमच्या गल्लीतले आलेत. गंगापूरकडून गावची माणसं सकाळच्या एसटीनं आलीत. तुम्हाला बघून बरंही वाटतंय आणि रडूही येतंय. मी नंदा, सुशीलाताईंच्या धाकट्या भावाची बायको. सिडकोतल्या घरात आम्ही नणंद-भावजय सारा जन्म एकत्र राहिलो. माईकसमोर मी कधी उभी राहिले नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

ताई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी भुताच्या कादंबऱ्या लिहायच्या. लोक हसायचे. "बाई, तुमचा भुतांवर विश्वास आहे का हो?" ताई म्हणायच्या, "नाय. पण भुताची गोष्ट कोण सांगतं आणि कशाला सांगतं, हे मला बघायचंय."

असं का म्हणायच्या? ऐका.

ताईंच्या लहानपणी गावात एक विहीर होती. त्या विहिरीत एक बाई आहे, भर दुपारी ती पोरींना आत ओढते, असं सगळा गाव सांगायचा. ताई त्या वाटेनं पळत जायच्या. जरा मोठ्या झाल्या तेव्हा वडिलांनी जवळ बसवलं आणि म्हणाले, "सुशे, ती बाई माझी बहीण आहे. गया. तुझी आत्या."

गयाआत्या गावच्या मालकाकडं झाडलोटीला जायची. एकदा त्यानं हात धरला. तिनं हिसडा देऊन सोडवला आणि चार माणसांदेखत त्याला सुनावलं. थोड्याच दिवसांनी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं मालकाच्या घरून सांगितलं गेलं. तिच्या गळ्यावरचे वळ वडिलांनी स्वतः पाहिले होते. पण त्यांचं ऐकणार कोण? आणि मग त्याच घरातून भुताची गोष्ट निघाली. विहिरीकडं कोणी जायला नको आणि कोणी काही विचारायला नको.

ताई मला म्हणाल्या होत्या, "नंदा, जिला मी सगळ्यात जास्त घाबरले ना, तिनं मला कडेवर घेऊन फिरवलं असतं गं."

 

पुढं ताईंनी यावरच कादंबरी लिहिली. नावं बदलली, गाव बदललं. मी भाजी निवडत बसायची आणि त्या वाचून दाखवायच्या. त्यातला मालक रोज सकाळी मुंग्यांना साखर घालतो, नातीला मांडीवर घेऊन जेवतो. मी म्हटलं, "ताई, एवढा चांगला कशाला दाखवला?" तर म्हणाल्या, "शिंगंवाला राक्षस लिहिला की वाचणारा सुटतो. त्याला वाटतं, हा काय मी नाय."

खुनाचं पान आलं, तर तिथं खूनच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मेलेल्या पोरीची आई तिचं लुगडं वाळत घालते, एवढंच होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मारताना त्याला जोर चढला असेल. तो वाचणाऱ्याला कशाला चढवू?"

प्रकाशकाला मात्र ते पटलं नाही. शेवटी भुतानं मालकाला फाडून खाल्लं पाहिजे, लोकांना बदला लागतो, असं त्याचं म्हणणं. ताई म्हणाल्या, "माझ्या आत्यानं कुणाला मारलेलं नाय. ती मेल्यावर मी तिला खुनी करू?" आमचे हे समजावून थकले. "अक्का, गोष्टच आहे ना, टाक की लिहून." नाही लिहिलं. कादंबरी काही वर्षं तशीच पडून राहिली. मग एका छोट्या प्रकाशकानं ती आहे तशी छापली.

एका दुपारी दारात एक बाई उभी. त्या आज इथं आल्यात. त्यांना विचारूनच सांगतेय. प्रमिलाताई, मालकाच्या नात. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मुंग्यांना साखर घालणारे माझे आजोबाच ना?"

ताई म्हणाल्या, "व्हय."

"मांडीवरची ती नात मी आहे. त्यांनीच मला वाढवलं. मला ते लई आवडायचे. आता मी काय करू?"

ताईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला माया लावली, ते खरं. आत्याला मारलं, तेही खरं. एकानं दुसरं पुसायला जाऊ नका."

प्रमिलाताई हात जोडून म्हणाल्या, "मला माफ करा."

"तुम्ही काय केलंय? आणि त्यांची माफी माझ्या हातात नाय. ती आत्याच्या हातात होती." आणि मला म्हणाल्या, "नंदा, चहा टाक."

विहीर प्रमिलाताईंच्याच रानात आहे. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी विहिरीच्या काठावर दगड बसवला आणि त्यावर कोरून घेतलं, गयाबाई, हिला इथं मारून टाकलं. पाय घसरला नाही, मारून टाकलं. त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. ताई काठावर बसल्या आणि आत बघून हळूच म्हणाल्या, "आत्या, मी सुशी. तुझ्या भावाची पोरगी."

परतताना जीपमध्ये माझा हात धरून विचारलं, "ती दिसायला कशी होती गं? फोटो नाय. बघितलेलं कोणी उरलं नाय." पुढं कन्नड गावच्या एका म्हातारीनं आत्याला पाहिलं होतं, असं कळलं म्हणून ताई तिथंही जाऊन आल्या. म्हातारीला एवढंच आठवलं की गयाचे केस लांब होते. तेवढं ऐकूनसुद्धा ताई खुश होऊन आल्या.

शेवटच्या आजारात त्या नवीन काहीतरी लिहीत होत्या. मी विचारलं, "या वेळी भूत कुठल्या विहिरीत आहे?" तर हसल्या. "भूत नाय यात. गया जिवंत आहे. म्हातारी झालीय. दुपारी उंबऱ्यात बसून भाचीची वेणी घालतीय."

"मग पुढं काय होतं?"

"काही होत नाय. वेणी घालून होते, भाची उठून खेळायला जाते. एवढंच मला पाहिजे होतं, नंदा."

ते लिहून झालं नाही. भाची अजून आत्यापुढंच बसलेली आहे.

मंडळी, ताईंना मोठ्या आवाजाचा त्रास व्हायचा. म्हणून आता कोणी काही बोलू नका. आपल्या जागी उभे राहा, फोन बंद करा, आणि थोडा वेळ नुसती त्यांची आठवण काढा.

ताई, घर लई मोठं वाटतंय हो.