उजवा गुडघा

दवाखान्यात पट्टी बदलायला आलेला सुतार ठेचलेल्या अंगठ्यावर फुंकर घालत बसला होता, पण त्याचे कान शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते. थोरली दोन्ही गुडघे धरून तणतणत होती.

"जन्मभर प्रयोगशाळेत मी काय केलं? एक पेशी दुसरीला हाक कशी मारते आणि सूज कशी चढते, हेच पाहिलं ना?"

"हो गं ताई. आम्ही जन्मभर तेच ऐकलं."

"मग आज डॉक्टरांना तोंडावर सांगते, तुमचं मलम कुचकामी आहे म्हणून!"

"असं एकदम?"

"एकदम कुठे? चांगला प्रयोग केलाय. मलम फक्त डाव्या गुडघ्याला लावलं, उजवा कोरा ठेवला. सूज दोन्हीकडची उतरली. उजव्याची तर काकणभर जास्तच! उद्या निरोपाच्या भाषणात सगळ्या शास्त्रज्ञांसमोर हेच सांगणार आहे."

"भाषणात नको, ताई."

"का म्हणून?"

"तू दुपारी घोरायला लागलीस की उजव्याला मी लावत होते."

"काय?"

"मग काय करू? टम्म फुगला होता गं! त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं?"

सुताराने अंगठ्यावरची फुंकर मध्येच थांबवली.

"खरं सांग. किती लावायचीस?"

"तू डाव्याला लावायचीस त्यापेक्षा जरा जास्तच."

थोरलीने एकदा डावा गुडघा चाचपला, एकदा उजवा, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, मग जुळलं की सगळं!"