नऊ दिवसांचा मूळपुरुष

...आणि वर तिन्ही किल्ल्या एकाच वेळी लागतात हो! एक पाद्रीसाहेबांकडे, एक थ्रप खाटकाकडे आणि तिसरी कुणाकडे? मिस ब्रॅम्बीकडे! म्हणजे ज्या बाईचं नाक कापायचं, तिच्याच दारात उभं राहून म्हणायचं, "बाई, जरा सुरी देता का?" तुम्हाला सांगतो, आमच्या चर्चमधला तो ओकचा पेटारा ज्या सुताराने केला, त्याचा माणसांवर काडीचा विश्वास नसावा. आमच्या नेदर थॉर्नबी गावचाच असेल, तर बरोबरच होतं त्याचं!

पण पेटारा उघडणं भाग होतं. सुगीच्या जेवणात कणसांच्या पेंढीसारखा भाजलेला भला थोरला पाव असतो ना, तो मोडायचा मान गावातल्या सर्वांत जुन्या घराण्याचा. आणि गेली बावीस वर्षं तो पाव मोडते मिस ऑगस्टा ब्रॅम्बी! नुसता मोडत नाही, मोडताना माझ्याकडे बघते!! का, तर त्या पेटाऱ्यातल्या चर्चच्या नोंदवहीत ब्रॅम्बी सापडतात १६९१ पासून, आणि आम्ही टॅपलिन १७०९ पासून. अठरा वर्षांचा फरक. आता आमच्या घरात सांगतात की आम्ही त्याआधीचे. पण मी चाळीस वर्षं लॅटिन शिकवलेला माणूस, ऐकीव ती ऐकीव आणि नोंद ती नोंद!

तर एका मंगळवारी दुपारी तिन्ही किल्ल्या जमल्या. थ्रप एप्रन न सोडताच आलेला. "मास्तर, आटपा, सॉसेज टांगून आलोय." मी एकेक पान उलटतोय... आणि सापडला! 'अँब्रोज, जॉन टॅपलिनचा मुलगा, बाप्तिस्मा चार मे १६८३.' १७०९ साली लग्न केलेला आमचा अँब्रोज तो हाच! ब्रॅम्बींच्या आधी आठ वर्षं! मी ही गोष्ट फक्त पोस्टातल्या बाईंना सांगितली. म्हणजे संध्याकाळपर्यंत गाव माझं अभिनंदन करत होतं. आमच्या एनिडने भिंतीच्या कागदाच्या मागच्या बाजूला वंशवेल रंगवायला घेतली, तळाशी अँब्रोज, टपोऱ्या हिरव्या अक्षरांत.

आणि पुढच्या मंगळवारी मिस ब्रॅम्बी काय म्हणते? अगदी लोण्यात बुडवलेला आवाज हं! "मास्तर, वही उलटी धरून मागून बघितलीत का? जन्मलेले पुढून लिहितात, गेलेले मागून."

बघितली. तेरा मे १६८३. 'अँब्रोज, जॉन टॅपलिनचा मुलगा. पुरला.'

नऊ दिवस! अहो, नऊ दिवसांचं पोर मूळपुरुष कसं होईल? त्याने लग्न कधी केलं, पाळण्यात? मग आम्ही आलो कुठून? "पोर गेलं, वेल खुडली," मिस ब्रॅम्बी म्हणाली, "तुम्ही दुसरेच कुठले तरी टॅपलिन." घरी एनिड हातातला ब्रश खाली ठेवून म्हणते, "म्हणजे एकतीस वर्षं मी ज्यांचे मोजे रफू करतेय, ते कोण?" आणि थ्रप, भर दुकानात, "मास्तर जन्मलेच नसतील, तर मला तीनदा नापास कुणी केलं?" नोंद ती नोंद!

शेवटी पाद्रीसाहेबांनी धीर दिला. बिचारे सर्दीने बेजार, डोळ्यांना धारा. "मास्तर, त्या काळी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत. पुढे शोधा." तेच नाव! निबंधात एक शब्द दोनदा आला की मी मुलांचे कान धरायचो. आणि इथे एक आई तीच हाक दुसऱ्यांदा मारायला निघालेली... मग पुन्हा तिन्ही किल्ल्या जमवल्या हो.

आणि सापडला! जानेवारी १६८५, मुंगीच्या पायांसारखं अक्षर. मी मोठ्याने वाचायला लागलो, "अँब्रोज, जॉन टॅपलिनचा मुलगा..." आणि पुढची ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचली, अन् तिथेच थांबलो. 'जन्मतः श्वास मंद. पाद्री येईतो टिकणार नाही, म्हणून सुईणीने घरीच बाप्तिस्मा दिला. पोर जगले. सुईण विधवा मार्जरी ब्रॅम्बी, वय सत्तर, याच गावच्या रॉबर्ट ब्रॅम्बीची सून.'

सून! वय सत्तर! म्हणजे सासरा आमच्या कितीतरी आधीपासून इथे ठाण मांडून!

"काय हो, थांबलात का?" मिस ब्रॅम्बी म्हणाली. "माझा चष्मा घरी राहिलाय." पाद्रीसाहेब रुमालात. थ्रपला ते अक्षर लागेना. छापील अक्षर तरी कुठे लागतं म्हणा! आता बघा, त्या खोलीत ती ओळ वाचू शकणारा मी एकटा. अर्धीच वाचली असती तर? वंशही माझा, पावही माझा! मन म्हणालं, खोकला काढ, पान उलट. काढला हो, खोकलासुद्धा काढला! पण ज्या ओळीने मला बाप दिला, तिचंच शेपूट तोडू? मग ऐकीव आणि नोंद यांत फरक तो काय?

वाचली. अख्खी. रॉबर्टसकट.

मिस ब्रॅम्बीने आपली किल्ली उचलली. निघताना एवढंच, "मार्जरीला सत्तराव्या वर्षी, थंडीची, तुमच्याकडे यायचं म्हणजे चढण आहे हो."

परवा सुगीचं जेवण झालं. पाव तिनेच मोडला. आणि पहिला तुकडा, सगळ्या गावादेखत, आणला माझ्यापुढे! "घ्या मास्तर. तुमच्या घराण्याला जगवायची आम्हाला जुनी सवय आहे." गाव हसतंय, एनिड सर्वांत जास्त हसतेय, आणि तुकडा माझ्या ओठांशी. काय करणार? खाल्ला. मीठ कमी होतं, तेही बोललो नाही.

आणि पाद्रीसाहेबांनी लगेच चर्चच्या वहीत लिहूनसुद्धा टाकलं, 'पहिला तुकडा श्री. ऑसबर्ट टॅपलिन, वय अडुसष्ट, यांनी विनातक्रार खाल्ला.' विनातक्रार! सही, शिक्का, तारीख! आता तीनशे वर्षांनी कुणी पेटारा उघडेल तेव्हा हेच खरं. तेव्हा मंडळी, मघापासून तुम्ही जे ऐकलंत, ती तक्रार नव्हती बरं का. नोंद ती नोंद!