माळावरच्या विमानापाशी लावलेला कापूर

दि. ९ मे २०२५, दुपारी २.१०

अवधूत रामचंद्र घाडी, वय २३ वर्षे, शिक्षण बारावी नापास, काम केअर होममध्ये केअरर, राहणार शशिधर टिपणीस यांच्या घरी, हाउन्सलो, लंडन.

मी कोणी न बोलावता स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी चौदा महिने भाड्याने राहतो. घरमालक शशिधर टिपणीस, वय ६६, विमानतळावरच्या नोकरीतून निवृत्त. त्यांना मी काका म्हणतो.

रविवार दि. २७ एप्रिल रोजी आम्ही दोघे त्यांच्या गाडीने डर्बीशायरला गेलो. तेथे महायुद्धात डोंगरावर आदळलेल्या बॉम्बफेकी विमानाचे अवशेष आहेत. काका दर वर्षी जातात. खालच्या फाटकावर आग पेटवू नये अशी पाटी होती. ती मी पूर्ण वाचली.

१२.४० वाजता वर पोहोचलो. गवतात इंजिन व पत्र्याचे तुकडे होते. शेजारी विमानात मेलेल्या सात जणांच्या नावांची पाटी व लोकांनी श्रद्धांजली म्हणून ठेवलेली कागदी लाल फुले होती. सर्वांत लहान वीस वर्षांचा होता. काका फोटो काढत पलीकडे गेले. त्या दिवशी अमावास्या होती. माझे वडील ४ मार्चला वारले. मला रजा मिळाली नाही. त्याचा या घटनेशी संबंध नाही. खिशात कापूर का होता असे विचारले, म्हणून सांगितले.

मी नावांच्या पाटीसमोर दगडावर दोन वड्या पेटवल्या व हात जोडले. कापूर लावणे म्हणजे आग पेटवणे, असे माझ्या मनात आले नाही. वाऱ्याने ज्योत कागदी फुलांना लागली, तेथून वाळक्या गवताला. आम्ही जाकिटांनी झोडपले. काकांचा उजवा हात भाजला. आगीचा बंब येईपर्यंत सुमारे दीड एकर जळाले. त्यात पक्ष्यांची घरटी किती होती, मला माहीत नाही.

पोलीस दिसू लागले तेव्हा काका मला म्हणाले, "तू तोंड उघडायचं नाहीस. माझा पासपोर्ट इथला आहे. मला फार तर दंड करतील. तुला परत पाठवतील. मग आईला काय सांगशील?"

नंतर त्यांनी पोलिसांना इंग्रजीत सांगितले की, चहासाठी स्टोव्ह त्यांनी पेटवला. मला ते समजले. मी गप्प राहिलो. आमच्याकडे स्टोव्ह नव्हता, थर्मास होता.

काल त्यांना चौकशीचे पत्र आले. ते फ्रीजवर लावून म्हणाले, "चला, रिटायर झाल्यावर कोणीतरी बोलावलं."

तरी त्यांचा आधीचा जबाब खरा धरू नये. कापूर मी आणला व मी लावला. याचा माझ्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो, हे मला समजावले आहे. मी येथे आल्याचे काकांना माहीत नाही. मी ड्युटीवर आहे असे त्यांना वाटते. आजचा डबा त्यांनी डाव्या हाताने भरून दिला.

हा मजकूर दुभाषी मंजिरी देव यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. काका म्हणजे वडिलांचे भाऊ का, असे त्यांनी विचारले. नाते काही नाही, असे सांगितले. शब्द मात्र तसाच ठेवावा. बाकी सर्व मी बोललो तसेच लिहिले आहे, म्हणून सही करतो.