गावच्या ट्रॅक्टरचा नारळ

अरे, दसऱ्याला मुलुंडच्या पार्किंगमध्ये माझी लाजच गेली. सगळे आपापल्या गाड्यांना हार घालत होते, माझी तर जुनी स्कूटर. पण गावचा ट्रॅक्टर माझ्या पैशांचा, म्हणून भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, नारळ तूच फोड. आवाज आला की मी इथे चालू करतो."

मी फोन स्पीकरवर टाकून नारळ उचलला, तर शेजारचे कुलकर्णी हसले. "स्कूटरला एवढा थाट?"

"स्कूटरला नाही हो, गावच्या ट्रॅक्टरला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तुमच्या कारपेक्षा महाग आहे."

"अरे वा. रंग कुठला घेतलात?"

"लाल."

स्पीकरवरून भाऊ हळूच म्हणाला, "दादा, निळा आहे. फोटो पाठवलेला ना तुला."