बँडवाल्या हॉटेलातली भाकरी

मुंबईच्या खाण्याचं कौतुक मला सांगू नका, मी काय खाल्लं ते ऐका. बी.ए. झाल्याबद्दल मला बँड वाजणाऱ्या हॉटेलात जेवायला नेण्याचं आमच्या सुभेदार काकांनी मोठ्या मिनतवारीनं कबूल केलं होतं. मी ऐटीत इंग्रजीतून नूडल्स मागवल्या. वेटर लिहून घेत होता, तेवढ्यात काकांनी विचारलं, "गाव कंचं रं तुझं?"

"दहिवडी."

"मग आपलाच की गड्या!"

अर्ध्या तासानं तो नोकरांसाठी केलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन आला. "आवं काका, ती गांडुळं कशाला खाताय? मी रद्द केली."

मी ओरडले, "मला तीच हवीत!"

"पोट बिघडंल, ताई."

काकांनी ठेच्याला बोट लावलं आणि मान डोलावली.

"लोक उगाच मुंबईच्या जेवणाला नावं ठेवत्यात."