आगाऊ पुष्पचक्रं

योमसाहेब : ...आणि चौथा फायदा तर अजून सांगितलाच नाही. संघाच्या यादीत सोल्बीचं नाव लिहिलंत की सामना थेट टीव्हीवर! गेल्या वेळी आपला सामना कधी दाखवला, आठवतंय? खेकड्यांच्या लोणच्याची विक्री संपल्यावर. तोही अर्धाच. पुढे पुन्हा खेकडे.

ह्वांगबाई : पहिले तीन परत सांगा. वहीत मांडते.

योमसाहेब : एक, हॉल भरेल. दोन, तळलेल्या कोंबडीवाले प्रायोजक म्हणून येतील. तीन, तुमचं प्रशिक्षकपद आणखी दोन वर्षं पक्कं. एका नावात चार फायदे, ह्वांगबाई! सोलमध्ये इतकं स्वस्त काही मिळत नाही.

ह्वांगबाई : आणि समोरच्या संघाला अडवायचं कुणी, ते कितव्या क्रमांकावर?

योमसाहेब : ते तुमचं खातं. मी बास्केटबॉल महासंघाचा सचिव.

ह्वांगबाई : मग माझं खातं ऐका. परवाच्या सराव सामन्यात सोल्बीनं बावीस गुण केले.

योमसाहेब : बघा!

ह्वांगबाई : आणि जिला ती अडवत होती, तिनं केले सत्तावीस. पुढच्या दारानं बावीस घरात, मागच्या दारानं सत्तावीस बाहेर. आता ओक्बुन. तिनं केले चार.

योमसाहेब : चार! चार तर माझी सासूसुद्धा...

ह्वांगबाई : आणि तिच्यासमोरच्या पोरीनं केले दोन. तेही ओक्बुन वाकून बुटाची नाडी बांधत होती तेवढ्यात.

योमसाहेब : पण ओक्बुनचे चाहते किती?

ह्वांगबाई : तिची आई.

योमसाहेब : झालं! सोल्बीला फोनवर सहा लाख लोक फॉलो करतात.

ह्वांगबाई : करू देत. सहा लाख मागे असले तरी समोरची एक तिच्याच्यानं आवरत नाही.

योमसाहेब : आणि ते नाव हो, ओक्बुन! आताच्या पोरींची नावं अशी असतात का? पाठीवर छापलं की वाटेल, कुणाची तरी आजी खेळायला उतरलीय.

ह्वांगबाई : आजोबांनी ठेवलंय, ती काय करणार? योमसाहेब, पोरगी तेहतीसची आहे. अकरा वर्षं शिबिरात येते, बाकीच्यांना सराव देते, ढकलाढकलीत नाक मोडून घेते, आणि यादी लागली की पिशवी भरून आईच्या सूप-भाताच्या दुकानात भांडी घासायला परत. देशाचा टी-शर्ट एकदासुद्धा अंगात घातलेला नाही. गुडघ्याचा डॉक्टर म्हणतो, हे शेवटचं वर्ष. माझ्या यादीत बारा जागा, अकरा भरल्यात. एक उरलीय.

योमसाहेब : तीच तर मी मागतोय. आज दुपारी बाराला यादी लागायचीय, बाई. कॉफी घ्या ना, गार होतेय. सोल्बीच्या चाहत्यांनी खाली कॉफीची अख्खी गाडी पाठवलीय, खास निवड समितीसाठी.

ह्वांगबाई : पेल्यावर सोल्बीचा फोटो आहे.

योमसाहेब : मी काय फोटो पितोय?

ह्वांगबाई : कितवा पेला हा?

योमसाहेब : तिसरा.

ह्वांगबाई : तरीच म्हटलं, टेबल का हलतंय. मी घरून जवाचं पाणी आणलंय. त्याच्यावर कुणाचाच फोटो नाही.

योमसाहेब : ठीक आहे, मग तोट्याची बाजूही मांडा. सोल्बीला वगळलंत तर हेच लोक कॉफी थांबवून पुष्पचक्रं पाठवतात. मागच्या वर्षी व्हॉलीबॉलवाल्यांच्या दारात तीस उभी केली. मयताची! तीन-तीन मजली, पांढरी शेवंती, काळ्या फिती, वर लिहिलेलं, 'न्याय वारला.' माझ्या मुलीचं लग्न जुळतंय, ह्वांगबाई. होणारे व्याही समोरच्याच बँकेत बसतात. जेवायच्या सुट्टीत त्यांनी माझ्या दारात मयताची फुलं बघितली तर?

ह्वांगबाई : म्हणजे बारावी खेळाडू तुमचे व्याही ठरवणार.

योमसाहेब : टोमणे मारू नका. बघा, खाली ट्रक थांबला. कॉफीचं दूध आलं असेल.

ह्वांगबाई : थांबा, खिडकीतून बघते. दूध नाही. फुलं आहेत.

योमसाहेब : फुलं! कॉफीच्या जोडीला फुलं! किती प्रेम हो या पोरांचं.

ह्वांगबाई : पांढरी आहेत.

योमसाहेब : पांढरी?

ह्वांगबाई : आणि तीन मजली.

योमसाहेब : अहो, आत्ता सव्वाअकरा वाजलेत! यादी बाराला लागायचीय! अजून काही झालेलंच नाही!

ह्वांगबाई : ओ फुलवाले! हो, तुम्हीच! कुणाची ऑर्डर? काय? जरा मोठ्यानं! ...बरं. योमसाहेब, ऐका. ऑर्डर होती, 'बारानंतर, आणि सोल्बीची निवड झाली नाही तरच.' पण त्यांना दुपारी दोन खरी मयतं आहेत. म्हणून म्हणाले, जाता जाता आधीच उतरवून टाकतो, गिऱ्हाइकाला उशीर नको.

योमसाहेब : या देशात एक गोष्ट उशिरा येईल तर शपथ! फितींवर काय लिहिलंय?

ह्वांगबाई : 'गुणवत्तेला अखेरचा निरोप.' हे बरं आहे. दुसऱ्यावर, 'सोल्बीशिवाय संघ म्हणजे प्रेतयात्रा.' आणि मधलं सगळ्यात मोठं, 'योम दोक्सू यांच्या...'

योमसाहेब : माझ्या? माझ्या काय?

ह्वांगबाई : फीत वाऱ्यानं गुंडाळलीय. बहुतेक 'सदसद्विवेकबुद्धीस' असेल. पण खालून बघणाऱ्याला तुमचं नुसतं नावच दिसतंय.

योमसाहेब : कुणी बघतंय का?

ह्वांगबाई : एक म्हातारे पंच टोपी काढून उभे आहेत. रखवालदार त्यांना धीर देतोय.

योमसाहेब : माझा फोन. व्याही! ...हॅलो. हो, मीच बोलतोय. नाही नाही, मुलगा नाही, मी स्वतः. नाही, गेलो नाही. अजून ऑफिसातच आहे. ...अहो, तशा अर्थानं नाही गेलो! तब्येत उत्तम आहे. फुलं ना? ती... बास्केटबॉलची आहेत. ...हो. बायको बरी आहे. तिला कळवू नका. ...कळवलंत?

ह्वांगबाई : काय म्हणाले?

योमसाहेब : म्हणाले, लग्नाची तारीख पुढे ढकलू, घरात दुःख आहे.

ह्वांगबाई : मग आता शांत डोक्यानं विचार करा. शिक्षा तर झाली. गुन्हा तेवढा राहिलाय.

योमसाहेब : म्हणजे?

ह्वांगबाई : सोल्बीचं नाव लिहिलंत तरी फुलं दारात आहेतच. व्याह्यांना कळलंय, वहिनींना कळलंय, पंचांनी टोपी काढलीय. ज्याची भीती घालत होतात, ते येऊन, बसून, पाणी पिऊन झालं. आता घाबरून काय वाचवणार?

योमसाहेब : कोंबडीवाले! कोंबडीवाले तर आहेत!

ह्वांगबाई : तुमचा फोन पुन्हा वाजला. बघा.

योमसाहेब : त्यांचाच संदेश. 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. शोकाच्या काळात कोंबडीची चर्चा योग्य दिसणार नाही.'

ह्वांगबाई : तुमचे चार फायदे आता किती उरले?

योमसाहेब : ...लिहा.

ह्वांगबाई : कुणाचं?

योमसाहेब : जिच्या दारानं दोनच बाहेर जातात, तिचं. सत्तावीसवालीचं नको. मेलेल्या माणसाला कसली भीड? प्यो ओक्बुन. लिहा.

ह्वांगबाई : लिहिलं. सही करा. आणि बाजूला वेळ टाका, माझी सवय आहे. अकरा बावीस.

(दार हळूच उघडतं. ओक्बुन वाकून चौकटीखालून आत येते. अंगात काळं जाकीट, बाह्या जेमतेम कोपरापर्यंत, हातात पांढरा लिफाफा.)

ओक्बुन : बाई... साहेबांचा फोटो कुठे मांडलाय? खाली दिसला नाही. दोनदा वाकून शेवटचा नमस्कार करायचा होता. ...अगं आई गं!

योमसाहेब : वाकू नकोस! जिवंत आहे मी.

ओक्बुन : माफ करा, साहेब. म्हणजे... बरं झालं, साहेब. माफ करा.

ह्वांगबाई : जाकीट कुणाचं हे?

ओक्बुन : सोल्बीचं, बाई. जाहिरातीतलं. ती म्हणाली, ताई, अशा वेळी सरावाच्या कपड्यात जाऊ नये. शिवण जरा उसवली. शिवून देईन.

योमसाहेब : ती कुठे आहे?

ओक्बुन : खाली. रडतेय. फुलवाल्याला म्हणतेय, परत न्या, मी सांगितलेली नाहीत. तो म्हणतो, माल उतरला की परत नाही, तुमच्याबरोबर फोटो मात्र द्या. दिला तिनं. रडत रडतच.

योमसाहेब : माझ्यासाठी रडतेय?

ओक्बुन : हो, साहेब. थोडं तुमच्यासाठी पण.

ह्वांगबाई : आज यादी लागायचीय आणि तू दुखवट्याच्या पैशांचा लिफाफा घेऊन फिरतेस?

ओक्बुन : यादीत मी नसतेच, बाई. पण पाच वर्षांपूर्वी माझं नाक मोडलं ना, तेव्हा साहेब दवाखान्यात संत्री घेऊन आले होते. दुसरं कुणी आलं नव्हतं. म्हणून म्हटलं...

योमसाहेब : ओक्बुन, आता मेलोच आहे तर खरं सांगतो. ती संत्री कॅप्टनसाठी होती. माझी खोली चुकली होती.

ओक्बुन : माहीत आहे, साहेब. पिशवीवर तिचं नाव होतं.

योमसाहेब : मग?

ओक्बुन : गोड होती.

ह्वांगबाई : हा कागद घे. वाच.

ओक्बुन : ...दहा, अकरा... बाई, शेवटी चुकलंय. सोल्बीच्या जागी माझं नाव पडलंय.

ह्वांगबाई : चुकलेलं नाही.

ओक्बुन : बाई.

ह्वांगबाई : नाक पूस. जाकिटाला नको! सोल्बी सरावाला येईल, रोज सकाळी तुझ्यासमोर उभी राहील. पुढच्या वर्षी तुझे गुडघे नसतील, तिचे असतील. माणूस कसा अडवायचा ते तिला शिकवून ठेव.

ओक्बुन : तिला मीच सांगू? जाकीट द्यायचंच आहे. तिला वाईट वाटेल, बाई. आणि आईला फोन... आत्ता दुकानात गर्दी असेल, उचलणार नाही. तरी करते. माफ करा, साहेब. येते, बाई.

योमसाहेब : अगं, चौकट सांभाळ! ...लागली वाटतं.

ह्वांगबाई : लागलीच. हसतेय पण.

योमसाहेब : अहो, हा लिफाफा विसरली की.

ह्वांगबाई : विसरली नाही, ठेवून गेलीय. मयताला आणलेला लिफाफा कुणी परत नेतं का?

योमसाहेब : पन्नास हजार वॉन आहेत, बाई! भांडी घासून...

ह्वांगबाई : हिशेब मांडते. कॉफी चाहत्यांची. फुलं चाहत्यांची. फुलवाल्याला फोटो सोल्बीनं दिला, जाकीटही तिचंच, आणि जागाही तिचीच गेली, बिचारीची. व्याह्यांनी काय पाठवलं?

योमसाहेब : नुसता फोन.

ह्वांगबाई : कोंबडीवाल्यांनी?

योमसाहेब : संदेश. शेवटी फुलाचं चित्र.

ह्वांगबाई : म्हणजे तुमच्या मरणाला खिशात हात एकीनंच घातला.

योमसाहेब : बाई, नाव आपण आधी लिहिलं ना? हा लिफाफा यायच्या आधी?

ह्वांगबाई : अकरा बावीस. तुमच्याच अक्षरात आहे.

योमसाहेब : मग हे फेडायचं कसं? मेलोच नाही तर ठेवून कसं घेऊ?

ह्वांगबाई : गुरुवारी तिचा पहिला सामना आहे. पास मागू नका, तिकीट विकत काढा. एक तुमचं, एक तिच्या आईचं.